‘थेओस’चा अर्थ देव, पण तो ‘देव’ या शब्दाचा कोणी नव्हे

व्हॉट्सॲपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. पाठवणाऱ्यागणिक दोन ओळी इकडेतिकडे होतात, गाभा तोच राहतो: “प्राचीन ग्रीक लोक ईश्वराला ‘थिऑस’ म्हणत. हा आपला ‘देव’च आहे. द चा थ झाला, व गळाला, शेवटी स लागला. लॅटिन ‘देउस’ हा मधला टप्पा. झ्यूस म्हणजे द्यौस्, ज्युपिटर म्हणजे द्यौष्पितर. सिकंदर भारतात आला तेव्हा हे शब्द तिकडे गेले. आजही थिऑलॉजी, थिएटर, थिअरी, डेव्हिल या सगळ्यांत आपला देव बसलेला आहे.”

यातलं झ्यूस आणि द्यौस् यांचं नातं अगदी खरं आहे. पंचाईत अशी, की ते नातं खरं असल्यामुळेच थिऑस आणि देव यांचं नातं खोटं ठरतं. का, ते मुद्द्यामुद्द्याने पाहू.

त्याआधी उच्चाराची एक गाठ सोडवायला हवी, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. ग्रीक शब्दाची चार अक्षरं आहेत: थीटा, एप्सिलॉन, ओमिक्रॉन, सिग्मा. प्राचीन अथेन्समध्ये थीटाचा उच्चार आपल्या ‘थ’सारखा होता, म्हणजे ‘त’मध्ये हकार मिसळलेला. म्हणून मूळ शब्द ‘थेओस’. ‘थिऑस’ हे त्याचं इंग्रजी वळण. आपण हा शब्द रोमन लिपीत वाचतो, आणि रोमन लिपीतलं टी-एच कधी ‘थिंक’मधलं असतं, कधी ‘दिस’मधलं. त्यामुळे मराठी डोळ्याला द आणि थ एकाच पोत्यातले वाटायला लागतात. ग्रीक कानाला ते तसे कधीच नव्हते. डेल्टा वेगळा, थीटा वेगळा.

“द चा थ झाला”

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे शब्द शेजारीशेजारी मांडले की आद्य ‘द’चं काय होतं ते लगेच दिसतं. दश, देका, देकेम. द्वौ, दुओ, दुओ. ददामि, दिदोमि, दो. घर या अर्थाचा वैदिक ‘दम’, ग्रीक दोमोस, लॅटिन दोमुस. तिन्हीकडे द तो द. (हाच ‘दम’ आपल्या ‘दंपती’त आहे: दंपती म्हणजे मुळात घराचा धनी. त्याचं ग्रीक भावंड ‘देस्पोतेस’, ज्यावरून इंग्रजी ‘डेस्पॉट’ म्हणजे हुकूमशहा आला. लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी हे मनावर घेऊ नये.)

आता ‘ध’. संस्कृत धूम, ग्रीक थूमोस, लॅटिन फूमुस. संस्कृत ‘धा’ धातूचं दधामि, ग्रीक तिथेमि, लॅटिन फेकी. म्हणजे संस्कृतात ध, ग्रीकमध्ये थ आणि लॅटिनमध्ये शब्दारंभी फ अशी साखळी आहे. ही एखाददुसऱ्या शब्दाची गंमत नव्हे. शब्दामागून शब्द तपासले तरी हीच सापडते.

मग थेओसचा खरा नातेवाईक संस्कृतात शोधायचा तर तो ध ने सुरू झाला पाहिजे, लॅटिनमध्ये शोधायचा तर फ ने. ‘देव’ द ने सुरू होतो. पहिल्याच अक्षरावर अर्ज बाद.

इथे जाणकार वाचक दोन शब्द पुढे करील, आणि ते करायलाच हवेत. पहिला ‘दुहिता’. मुलगी या अर्थी संस्कृत दुहिता, ग्रीक थुगातेर. इथे तर संस्कृत द समोर ग्रीक थ उभा आहे! मग देव आणि थेओस का नाही?

कारण ‘दुहिता’तला द मुळात ध होता. एकाच शब्दात लागोपाठ दोन महाप्राण (ध, घ, भ यांसारखे हकार मिसळलेले वर्ण) आले की संस्कृत पहिल्याचा प्राण काढून घेते. ‘धा’ धातूचं द्वित्व केलं तर धधामि व्हायला हवं, होतं दधामि. हा नियम १८६३ साली हेर्मान ग्रासमान यांनी मांडला. ऋग्वेदाचा कोश करणारे आणि गणितातही मोठं काम असलेले हेच ते ग्रासमान. नियम खरा आहे का हे पाहायला फार लांब जायला नको. ‘दुह्’ म्हणजे दूध काढणं. शब्दाच्या शेवटी ह चा क झाला की दुसरा महाप्राण जातो, आणि पहिल्याचा प्राण परत येतो: गीतेतलं ‘धेनूनामस्मि कामधुक्’. कामदुक् नव्हे, कामधुक्. ‘द्रुह्’वरून ‘अध्रुक्’, म्हणजे द्रोह न करणारा, हेही तसंच. दुहितामधला ह हा असाच जुन्या महाप्राणाचा अवशेष आहे. त्याने आपल्या आधीच्या ध ला द करून टाकलं. ग्रीकमध्ये त्या जागी साधा ग आला, त्यामुळे तिथे थ शाबूत राहिला.

आता ‘देव’ पाहा. द आणि व. दुसरा महाप्राण कुठे आहे? नाहीच. तेव्हा इथला द हा पहिल्यापासून द आहे.

दुसरा शब्द ‘द्वार’. ग्रीक थुरा, लॅटिन फोरेस. नियमाने संस्कृतात ‘ध्वार’ हवं होतं. हा खरोखरचा अपवाद आहे. नेहमीचं स्पष्टीकरण असं, की दाराला दोन फळ्या असतात, म्हणून ‘द्वौ, द्वि’ या शब्दांच्या ओढीने ध चा द झाला. अपवादाला कारण देता यावं लागतं, ते असं. आणि लक्षात घ्या, अपवाद असूनही लॅटिनने इथे फ च दाखवला आहे. थेओस आणि देव यांच्या बाबतीत लॅटिन काय दाखवतं ते पुढे येतंच.

“व गळाला, शेवटी स लागला”

ग्रीकमधून व गळाला हे खरं. पण कधी आणि कुठे, याची नोंद आहे. इ.स.पू. १४व्या-१३व्या शतकातल्या ग्रीकमध्ये व ठणठणीत होता. क्नोसोस, पीलोस, मायसीनी इथल्या राजवाड्यांत कोठाराचे हिशेब मातीच्या पाट्यांवर लिहीत. राजवाडे जळले आणि पाट्या भाजून टिकल्या. ही लिपी, म्हणजे ‘लिनिअर बी’, १९५२ साली मायकेल व्हेन्ट्रिस यांनी उलगडली. त्या पाट्यांवर झ्यूसची षष्ठी ‘दि-वो’ आणि चतुर्थी ‘दि-वे’ अशी लिहिलेली आहे. व जागेवर. त्याच पाट्यांवर देव या अर्थाचा शब्द ‘ते-ओ’ असा आहे. व चा मागमूस नाही. जो अजून गळायचाच होता तो एका शब्दातून आधीच कसा गळेल?

या लिपीची आणखी एक खुबी इथे कामाला येते. लिनिअर बीमध्ये क, ख, ग यांना एकच चिन्ह चालतं. प, फ, ब यांनाही. पण त आणि थ यांची चिन्हं एका ओळीत आणि द ची चिन्हं स्वतंत्र ओळीत. म्हणजे ज्या एका ठिकाणी आपल्याला फरक हवा होता, नेमका तिथेच लिपीने तो जपला. ‘ते’ हे चिन्ह ते किंवा थे वाचता येतं, दे वाचता येत नाही.

मग थेओसमध्ये ए आणि ओ यांच्यामधून गळालं काय? ‘स’. दोन स्वरांमधला स ग्रीकमध्ये आधी ह झाला आणि मग नाहीसा झाला. पुरावा थेओसच्याच घरात आहे. जिथे स नंतर व्यंजन आलं तिथे तो वाचला: थेस्फातोस (देवाने उच्चारलेलं, म्हणजे विधिलिखित), थेस्पेसिओस आणि थेस्पिस (दैवी वाणीने भारलेलं). या सगळ्यांत मूळ ‘थेस्-’ उघडं दिसतं. ‘देव’मध्ये मधोमध व आहे, थेओसमध्ये मधोमध स होता. पहिलं अक्षर जुळत नाही आणि मधलंही जुळत नाही. उरला तो ए स्वर आणि शेवटचा स, जो ग्रीकमध्ये अक्षरशः हजारो पुल्लिंगी नामांना लागतो. संस्कृतातला विसर्ग तोच, देवः.

“लॅटिन देउस हा मधला टप्पा”

देउस आणि देव हे खरे भाऊ. दोघेही मूळ सामाईक भाषेतल्या ‘देइवोस’पासून, अर्थ ‘आकाशातला, तेजस्वी’. लॅटिनमध्ये प्रथमेतून व पडला (देउस), पण ‘दीवुस’, ‘दिवीनुस’ या शब्दांत तो शिल्लक आहे. लिथुएनियन दिएवास, अवेस्तातला दएव (तिथे मात्र अर्थ राक्षस) हीही याच घरची मंडळी.

पण देउस हा थेओसच्या वाटेवरचा टप्पा कसा असेल? ग्रीक ही लॅटिनची लेक नाही. कलकत्त्याला १७८६ साली विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या साम्यावर जे भाषण केलं, त्यात या तिघी एका सामाईक, बहुधा आता अस्तित्वात नसलेल्या उगमापासून आल्या असाव्यात असं म्हटलं होतं. बहिणी, आई-मुलगी नव्हे. आपल्या फिरत्या मजकुरात ही एक पायरी नेहमी गायब असते.

लॅटिनमध्ये थेओसचे नातेवाईक आहेत, आणि अपेक्षेप्रमाणे ते फ ने सुरू होतात: फेरिए (सणाचे, सुट्टीचे दिवस, जुनं रूप फेसिए), फेस्तुस (उत्सवी), फानुम (देवस्थान). देउस त्या यादीत नाही.

सगळ्यात मजेशीर साक्ष आर्मेनियनची. तिथे मूळ ध चा द होतो आणि मूळ द चा त. म्हणून आर्मेनियनमध्ये देवांना ‘दिक्’ म्हणतात, आणि हा शब्द थेओसचा सगोत्र आहे. आपल्या ‘दिव्, दिवस’ कुळातला आर्मेनियन शब्द मात्र ‘तिव’, अर्थ दिवस. नुसत्या दिसण्यावर गेलो असतो तर जोड्या बरोबर उलट्या लावल्या असत्या.

“झ्यूस म्हणजे द्यौस्”

हो. आणि हे साम्य नावापुरतं नाही, विभक्तीपर्यंत पोचतं. संस्कृत द्यौः, दिवः, दिवे, द्याम्. ग्रीक झेउस, दिओस (जुनं दिवोस), दिवेइ, झेन. होमरमधली द्वितीया ‘झेन’ आणि वेदातली ‘द्याम्’ यांची जोडी तर एखाद्या पाठ्यपुस्तकासाठी बनवल्यासारखी आहे. ऋग्वेदात ६.५१.५ मध्ये ‘द्यौष्पितः पृथिवि मातरध्रुक्’ अशी हाक आहे. ग्रीक ‘झेउ पातेर’, लॅटिन ‘युप्पितेर’. (त्याच ऋचेत वर आलेला ‘अध्रुक्’ही आहे.)

पण द्यौस्चा झ्यूस कसा झाला? द नंतर य आला म्हणून. शब्दारंभीच्या ‘द्य’चं ग्रीकने झ केलं. मराठीला यात नवल वाटायला नको, आपण तेच केलं आहे: अद्यचं आज, विद्युत्ची वीज, द्यूतचा जुवा. जिथे य नव्हता तिथे ग्रीकने द जसाच्या तसा ठेवला: दिओस, दिवेइ. होमर अकिलीसला आणि ओडिसिअसला ‘दीओस’ हे विशेषण लावतो. ते अक्षर न् अक्षर आपलं ‘दिव्य’ आहे.

म्हणजे ‘देव’ कुळातले शब्द ग्रीकमध्ये आहेत, भरपूर आहेत, आणि ते द ने किंवा झ ने सुरू होतात. थ ने एकही नाही. आता ‘देव’चाच थेओस झाला म्हणायचं, तर त्याच भाषेत, त्याच काळात, त्याच मुळातला द एका शब्दात द राहिला आणि दुसऱ्यात कारण नसताना थ झाला असं म्हणावं लागतं.

“सिकंदराच्या काळात शब्द तिकडे गेले”

सिकंदर पंजाबात इ.स.पू. ३२६ मध्ये होता. थेओस हा शब्द त्याआधी नऊशे-हजार वर्षं लिहिलेला सापडतो. क्नोसोसच्या एका पाटीवरचा हिशेब असा: ‘सर्व देवांना, मध, घडा १. लाबिरिंथोसच्या स्वामिनीला, मध, घडा १.’ ‘सर्व देवांना’ हे शब्द मूळ पाटीवर ‘पा-सि-ते-ओ-इ’ असे. पीलोसच्या पाट्यांवर ‘ते-ओ-जो दो-ए-रो’, म्हणजे देवाचा सेवक, ही नोंद अनेकदा येते. मायसीनीच्या एका पाटीवर ‘ते-ओ-दो-रा’ हे बाईचं नावही आहे: थेओदोरा.

मधाच्या त्या पाटीवर जरा थांबण्यासारखं आहे. तिच्यात तीन शब्द असे आहेत, की ज्यांवर असा मजकूर लिहिणारा हमखास घसरेल. ‘ते-ओ’ देव वाटतो, पण नाही. ‘मे-रि’ म्हणजे मेलि, मध. हा ‘मधु’ वाटतो, पण तोही नाही. मेलिचे नातेवाईक लॅटिन मेल आणि हित्ती (आजच्या तुर्कस्तानातली प्राचीन भाषा) मिलित. संस्कृत मधुचा ग्रीक भाऊ ‘मेथु’, ज्याचा अर्थ ग्रीकमध्ये द्राक्षाची दारू. (पुन्हा ध समोर थ.) तिसरा शब्द ‘पो-ति-नि-जा’, पोत्निआ, स्वामिनी. हा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि हाच खरा नातेवाईक आहे: संस्कृत ‘पत्नी’. वेदात पत्नीचा मूळ अर्थ स्वामिनी असाच आहे.

दिसण्यावर भरवसा ठेवला की असं होतं. मराठीतच ‘कामधंदा’मधलं काम ‘कर्म’पासून आलं आणि ‘कामदेव’मधला काम ‘कम्’ धातूपासून. लिहिताना काना-मात्रेचा फरक नाही, नातं शून्य. उलट चक्र, ग्रीक कुक्लोस आणि इंग्रजी व्हील हे तिघे एका मुळाचे, चेहरे मात्र कुठेच मिळत नाहीत.

ग्रीक आणि भारतीय खरोखर भेटले तेव्हा काय झालं, याचाही लेखी पुरावा आहे, आणि तो या दाव्याच्या बाजूने जात नाही. स्वात खोऱ्यात एक अस्थिकलश सापडला. तो इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपासचा मानतात. त्यावर खरोष्ठी लिपीत कोरलंय: ‘थेउदोरेन मेरिदर्खेन प्रतिठविद इमे शरिर शकमुनिस भगवतो’. थेओदोरोस नावाच्या मेरिदार्खाने, म्हणजे प्रांताधिकाऱ्याने, भगवान शाक्यमुनींच्या या अस्थी स्थापन केल्या. खरोष्ठीत त, थ, द, ध चारही अक्षरं वेगळी आहेत. कोरणाऱ्याने नाव ऐकलं आणि थ लिहिला. ज्याच्या भाषेत ‘देव’ हा रोजचा शब्द होता, त्याला या नावातलं ‘थेओ’ देवासारखं ऐकू आलं नाही.

आणि नावाचा अर्थ? थेओस अधिक दोरोन: देवाची देणगी. आपला ‘देवदत्त’च. यात दोरोन आणि दत्त हे खरे सगोत्र, दोन्ही ‘दा’ धातूचे. पूर्वार्धात अर्थ जुळतो, शब्द जुळत नाही; उत्तरार्धात दोन्ही जुळतं.

विदिशेजवळ बेसनगरला हेलिओदोरोसचा गरुडध्वज आहे, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरचा. तक्षशिलेहून आलेल्या या यवनदूताने (यवन म्हणजे इथे ग्रीक) तो ‘देवदेवस वासुदेवस’ उभारला. त्यात तो स्वतःला ‘दियस पुत्रेण’ म्हणवतो. बापाचं नाव दिओन. हे नाव झ्यूसच्या ‘दि-’ या अंगापासूनचं, म्हणजे देव कुळातलं. एकाच खांबावर ‘देव’ आणि त्याचा दूरचा ग्रीक भाऊ असे दोघे कोरलेले आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत १७ क्रमांकाचं लेणं खोदवणारा उत्तरेकडचा ‘योनक’ इंद्राग्निदत्त आपल्या बापाचं नाव ‘धंमदेव’ सांगतो. म्हणजे हिंदुस्थानात स्थिरावलेले यवन ‘देव’ हा शब्द उचलत होते, पण नवा शब्द म्हणून, इथला म्हणून.

मग थेओस आला कुठून?

खुद्द ग्रीकांनाही हा प्रश्न पडला होता. प्लेटोच्या ‘क्रातिलोस’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो, की जुने लोक सूर्य, चंद्र, पृथ्वी, तारे, आकाश यांना देव मानत. ते सतत धावत असतात, म्हणून ‘थेइन’ म्हणजे धावणं यावरून थेओस. हेरोडोटस दुसऱ्या पुस्तकात वेगळं सांगतो: पेलास्गियन, म्हणजे ग्रीसच्या जुन्या रहिवाशांनी, देवांना ‘थेओइ’ म्हटलं, कारण त्यांनी सगळ्या गोष्टी व्यवस्थेने ‘थेन्तेस’, म्हणजे मांडून ठेवल्या. आपल्याकडे यास्काने निरुक्तात हाच खेळ केला आहे: ‘देवो दानाद्वा दीपनाद्वा द्योतनाद्वा द्युस्थानो भवतीति वा’. चार पर्याय दिले, त्यांतले द्योतन आणि द्युस्थान हे नेमके लागले; दान चुकलं. सॉक्रेटिसची व्युत्पत्ती पार चुकली. हेरोडोटस मात्र, ध्वनिनियमांचा गंधही नसताना, बराच जवळ गेला.

कारण थेओस, फेरिए, फानुम, दिक् यांच्यामागे ‘धेस्’ असं मूळ धरतात, आणि ते ‘धा’ म्हणजे ठेवणं, मांडणं या धातूचंच वाढवलेलं रूप असावं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. संस्कृतातला ‘धिष्ण्य’ हा शब्दही काहीजण याच कुळात घालतात. वेदात तो अश्विनांचं विशेषण म्हणून येतो, आणि सोमयागात ऋत्विजांसाठी मातीची जी छोटी अग्निस्थानं रचतात त्यांनाही धिष्ण्य म्हणतात. स्वरांचा हिशेबही बसतो: ग्रीकमध्ये ए, संस्कृतात इ, लॅटिनमध्ये आ. ‘धा’चं कर्मणि भूतकालवाचक ग्रीकमध्ये थेतोस, संस्कृतात हित (वैदिक ‘धित’, पाणिनीला त्यासाठी ‘दधातेर्हिः’ हे वेगळं सूत्र करावं लागलं). आपल्या ‘विहित’, ‘निहित’मधलं हित ते हेच. पीएच.डी.चा थीसिसही याच धातूचा.

अर्थाचा कलही यावरून कळतो. ‘देव’ आकाशाकडे पाहतो: द्यु, दिवस, दिव्य. थेओसचं गोत्र जमिनीवरच्या कर्मकांडाकडे जातं: नेमून दिलेला सण, आखलेलं देवस्थान, मांडलेली वेदी. ग्रीकांच्या वापरातही त्याच्या काही सवयी वेगळ्या होत्या. अथेन्सच्या शिलालेखांत अथेना ‘हे थेओस’ आहे: शब्दाचं रूप तेच, उपपद तेवढं स्त्रीलिंगी. एलेव्सिसच्या मायलेकी देमेतेर आणि पेर्सेफोने यांना द्विवचनात ‘तो थेओ’, त्या दोघी, एवढं म्हटलं की पुरे. स्पार्टाचे लोक थ चा स करत आणि ‘नाइ तो सिओ’, त्या दोघा देवांची आण, अशी शपथ घेत. त्यांच्या तोंडीही द मात्र द च राहिला.

“थिऑलॉजी, थिएटर, थिअरी, डेव्हिल”

थिऑलॉजीत थेओस आहे, देव नाही. एन्थुझिअॅझममध्येही आहे: एन्थेओस, ज्याच्या अंगात देव आला आहे तो. थिएटर ‘थेआ’वरून, अर्थ पाहणं. ग्रीकमध्ये देवी या अर्थाचाही ‘थेआ’ आहे, पण आघात वेगळ्या स्वरावर. दोन स्वतंत्र शब्द. थिअरीही पाहण्याचीच. डेव्हिल हा ग्रीक ‘दिआबोलोस’, दिआ म्हणजे आडवं आणि बालेइन म्हणजे टाकणं; आड घालणारा, चुगलखोर. इंग्रजी ‘डे’चा लॅटिन दिएसशी किंवा आपल्या दिवसाशी संबंध नाही, कारण आपल्या द समोर इंग्रजीत ट येतो: दश आणि टेन, द्वि आणि टू. काही आवृत्त्यांत मेक्सिकोतला ‘तेओत्ल’ही जोडलेला असतो, ती नावात्ल भाषा, तिचं या कुळाशी काही देणंघेणं नाही.

‘देव’चा खरा इंग्रजी भाऊ हवा असेल तर ट ने सुरू होणाऱ्यांत शोधावा. जर्मानिक लोकांचा ‘तीव’ नावाचा देव ‘देइवोस’पासून आला, आणि त्याच्या नावाने त्यांनी एक वार ठेवला: ट्यूजडे. थेओसच्या बाजूला, लॅटिन फानुमवरून ‘फॅनॅटिक’ झालं, म्हणजे देवळात वारं भरलेला माणूस. ते तोडून इंग्रजीने ‘फॅन’ केलं, आणि मराठीने तो शब्द सिनेमाच्या पोस्टरसकट उचलला.